डाख द्यायच्या आधी

डाख द्यायला एक मिनिट लागतंय. पण त्याच्या आधीचं घासणं, पुसणं, सुकवणं जे असतंय ना, त्यानं चाळीस वर्सं माझा जीव खाल्लाय. अन् त्या मंगळवारी तर पार टांगणीला लावला.

डाख म्हणजे तांब्याच्या दोन तुकड्यांमधी कथील वितळवून बसवायचं, जोड पक्का करायचा. आमच्या ह्यांचं तेच काम. नाव कडूबा. घेतलं बाई नाव, आता सांगायलाच बसले तर लपवून कसं चालंल? ह्यांच्या आधीची दोन लेकरं जगली नाय, म्हणून सासूनं देवाला बी नकोसं वाटावं असं नाव ठेवलं, अन् हे जगले. सासरे सिल्लोडकडं मेंढरं वळायचे. हे बी वळायचे. मग चिकलठाण्याला एका कारखान्यात लागले. तिथं गारव्याची मशिनं बनायची, त्यांच्या तांब्याच्या नळ्या जोडायच्या. एकतीस वर्सं हेच केलं. रिटायर झाले तरी हातची हत्यारांची पेटी सुटली नाय. कुणाचा गिझर, कुणाचं सोलर, कुणाच्या फ्रिजची नळी. पेटी उचलली की निघाले.

पुंडलिकनगरात घर बांधलं तवा गल्लीनं लोखंडी पाइप टाकले, पुढं प्लास्टिकचे. आमच्या घरात मात्र तांब्याचे. सगळे ह्यांनी हातानं बसवलेले. शेजारची चतुराबाई अजून टोमणा मारती, "द्वारकाबाई, तुमच्या घरी पाणी प्यायला दागिने घालून यावं लागंल बाई."

पण काम कसं! आधी कटरनं पाइप कापायचा. तोंडाची आतली धार कानशीनं काढायची. मग पॉलिश पेपरनं घासायचं, लग्नातला नवा हंडा दिसतो तसं तांबं लाल दिसस्तोवर. मग त्याला बोट लावायचं नाय. बोटाला तेल असतंय म्हणे. एकदा मी सहज हात लावला, तर ह्यांनी पहिल्यापासनं पुन्हा घासलं अन् दिवसभर माझ्याकडं मी चोरी केल्यासारखं बघितलं. अन् आत पाण्याचा थेंब ऱ्हाता कामा नये. थेंब ऱ्हायला की त्याची वाफ होती, कथील पाइपाला धरत नाय, गोळ्या होऊन खाली पडतंय. "डाख कुणीबी देतं," हे म्हणायचे, "तयारी कुणी करत नाय." ऐकून ऐकून माझे कान किटले व्हते.

शिवरात्रीच्या आसपास ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखाना, मालिश, रबराचा चेंडू दाबायचा, सगळं केलं. पाय बराचसा आला. हात आला, पण अर्धा. चहाचा कप धरला की बशीत पडायचा. चार महिने हे बाजेवर बसून भिंतीकडं बघत ऱ्हायले. भूक लागली का म्हटलं तर "लागली असंल" म्हणायचे. ज्या माणसानं मला पोहे थंड झाले म्हणून दहा वेळा सुनावलं, तो माणूस गार चहा गपगुमान पिऊ लागला. मी भ्याले. खरंच सांगते, झटक्याला भ्याले नव्हते तेवढी त्या गप बसण्याला भ्याले.

अन् आषाढाच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरातला एल्बो फुटला. एल्बो म्हणजे पाइप जिथं वळतो ते कोपरासारखं वळण. सुईच्या टोकाएवढं भोक, पण पाणी आलं की भिंतीवर पिचकारी. मी म्हटलं, प्लंबर बोलवू. हे बाजेवरनं उठले.

"कोणी हात लावायचा नाय. मी करीन."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण पुढचं ऐकलं अन् तो तिथंच विरला.

"जमलं तर पेटी घरात ऱ्हाईल," हे म्हणले. "नाय जमलं तर बद्रीनाथला देऊन टाकायची. लोकांच्या घरी जाऊन लाज काढून घ्यायची नाय मला."

बद्रीनाथ म्हणजे ह्यांच्याच हाताखाली कारखान्यात शिकलेला. आता त्याचं सोताचं काम हाय, गारखेड्याकडं. ह्यांना वस्ताद म्हणतो, मला काकू. ह्यांनी माझ्यासमोर फोन लावला अन् सांगितलं, "मंगळवारी बाराला ये. पेटी न्यायची वेळ आली तर नेशील." असं सरळ. दुसऱ्याच कुणाची पेटी असल्यासारखं.

मंगळवारच कामून? तर आमच्याकडं नळाला पाणी नवव्या दिवशी येतंय. पाणी येऊन गेलं की दोन-चार दिवस पाइपात ओल ऱ्हाती. नवव्या दिवशी लाइन सगळ्यात कोरडी. म्हणून सकाळी काम उरकायचं अन् दुपारी पाणी आलं की जोड तपासायचा, असा ह्यांचा हिशोब. टाकी तळाला गेलेली, ड्रममधी हातभर पाणी. मी म्हटलं, "आवो, पाणी आलं अन् जोड झालेला नसला तर?" हे म्हणले, "तर पेटी गेली."

मला पाण्याची फिकीर कमी व्हती, पेटीची जास्त. ही पेटी गेली तर हा माणूस पुन्हा बाजेवर बसंल अन् पुन्हा उठायचा नाय, हे मला पक्कं ठाऊक व्हतं.

सकाळी आठला हे म्हणले, "कॉक बंद कर." आमचा कॉक फाटकापाशी जमिनीतल्या खड्ड्यात हाय, वर फरशीचा तुकडा. ह्यांना आता तिथवर वाकता येत नाय. मी फरशी सरकवली, कॉक गच्च आवळला, येऊन सांगितलं. ह्यांनी पाट घेतला, एल्बोच्या खाली पेपर अंथरला, पेटी उघडली.

चार महिन्यांनी उघडली. हत्यारं एक एक करून डाव्या हातानं काढली, उजव्या हातानं धरायला बघितली. कटर दोनदा पडला. मी चुलीकडं तोंड करून उभी ऱ्हायले, बघत नाय असं दाखवलं. तिसऱ्यांदा कटर बसला. फिरवायला डावा हात, धरायला उजवा. जुना एल्बो निघाला तवा साडेनऊ वाजले व्हते. पूर्वी हेच काम चहा उकळायच्या आत झालं असतं.

मग घासणं सुरू. मला पहिल्यांदाच त्या आवाजाचं बरं वाटलं.

सव्वादहाला कुंपणाच्या पलीकडनं चतुराबाईनं हाक मारली, "द्वारकाबाई, आज पाणी लवकर सोडणार म्हणे! वरच्या गल्लीत येऊन गेलं!" मी बाहेर गेले, तिच्याशी चार शब्द बोलले, परत आले.

हे पाइपाच्या आत फडकं घालून पुसत व्हते. तारेला फडकं गुंडाळायचं, आत सारायचं, काढायचं, बघायचं. पाचदा सारलं. कथील धरावं म्हणून पेस्ट लावली. नवा एल्बो बसवला. ब्लो लॅम्प पेटवला. डाव्या हातात लॅम्प, उजव्या हातात कथलाची तार. तार हलत व्हती, पण हलली तरी जोडाला लागत व्हती. मी मनातल्या मनात खंडोबाला भंडारा कबूल केला.

चर्र आवाज झाला. कथील वितळलं, गोळी झालं, टपकन पेपरवर पडलं.

ह्यांनी लॅम्प विझवला. गार होऊ दिलं, एल्बो काढला, पहिल्यापासनं घासायला घेतलं. घाम हनुवटीवरनं पाइपावर पडू नये म्हणून मान तिरपी करून बसले.

"आत ओल ऱ्हायली," हे म्हणले. "कॉक बंद हाय ना?"

"व्हय की. मीच केलाय."

"मंग माझंच पुसणं कच्चं. हात आतवर पोचत नाय."

साडेअकराला दुसऱ्यांदा लॅम्प पेटला. ह्या वेळी ह्यांनी आधी पाइप नुसताच तापवला, ओल उडून जावी म्हणून. मग पेस्ट, मग एल्बो, मग कथील. पुन्हा चर्र. पुन्हा गोळी. ह्यांनी सांडशीनं एल्बो काढला, तार खाली ठेवली. उजवा हात डाव्या हातात धरला अन् त्याच्याकडं असं बघत बसले की मला बघवंना.

मी खाली वाकले, पेपरवरच्या गोळ्या उचलायच्या निमित्तानं. अन् मला दिसलं. एल्बो निघालेल्या पाइपाच्या तोंडाशी पाणी जमत व्हतं. जमलं, फुगलं, थेंब पडला. परत जमायला लागलं. जी लाइन दोनदा पुसली, एकदा तापवली, तिच्यात हे पाणी आलं कुठनं?

अन् मला आठवलं.

आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी कॉक कुणी बंद ठेवत नाय. पाणी यायच्या आधी पाइपातनं हवा येती, नळ फुसफुसतो. तो आवाज ज्या बाईच्या कानावर पहिल्यांदा पडतो ती बाकीच्यांना उठवती. म्हणून सकाळपासनं कॉक सैल करून ठेवायचा, ही वीस वर्सांची सवय. चतुराबाईनं हाक मारली, मी बाहेर गेले, तिच्याशी बोलता बोलता फरशी पायानं सरकवली अन् कॉक अर्धा फेरा सैल केला. माझ्या हातानं केला, मला विचारलं बी नाय. अन् गल्लीच्या मोठ्या लाइनीत जे थोडंफार पाणी साठून असतंय ते थेंब थेंब आमच्या घरात येत व्हतं.

मी उठले. सांगायला तोंड उघडलं. पण "कॉक बंद हाय ना" म्हणल्यावर "व्हय" कुणी म्हटलं? मीच ना? मला वाटलं, गपचूप बंद करून यावा, तिसऱ्यांदा जमंल, कुणाला काही कळायचं नाय. भित्री बाई मी, तवा तेवढंच सुचलं. केराची टोपली घेतली, फाटकापाशी गेले, कॉक गच्च आवळला.

फरशी ठेवून मान वर केली तर समोर बद्रीनाथची मोटरसायकल.

"काकू, झालं का वस्तादचं?"

"व्हतंय," मी म्हटलं. "तू बस जरा, चहा घे." माझा जीव म्हणत व्हता, ह्याला इथंच थांबव, अर्धा तास थांबव. पण तो चपला काढून सरळ आत गेला. त्याच्यामागं मी.

ह्यांनी त्याच्याकडं बघितलं अन् पाटावरनं उठले. भिंतीला धरून उठले.

"बस," हे त्याला म्हणले. "तू दे डाख. पाणी यायची येळ झाली."

"वस्ताद, तुम्हीच..."

"दोनदा बघितलं. नाय जमत. बस."

मी तिथं उभी ऱ्हायले. बद्रीनाथ बसला. पाइपाचं तोंड घाईघाईनं घासलं, एकदाच फडकं सारलं, कारखान्यात असं सारलं असतं तर ह्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. पेस्ट, एल्बो, लॅम्प. कथील चांदीसारखं चमकत जोडाभवती फिरलं अन् बसलं. दोन मिनिटं. एक मिनिटाचं काम, दोन मिनिटं.

ह्यांनी वाकून बघितलं. लई वेळ बघितलं.

"चांगला झालाय," हे म्हणले. मग पायानं पेटी पुढं सरकवली. "ने."

बद्रीनाथची मान खाली. तो पेटीला हात लावंना. हे म्हणले, "ने म्हटलं ना. मला पुन्हा सांगायला लावू नको." अन् वळले, बाजेकडं निघाले. तीच चाल, उजवा पाय ओढत, हात पोटाशी. बाजेवर बसले अन् भिंतीकडं तोंड केलं.

मला वाटलं, आता नाय बोलले तर मेल्यावर बी मला ह्याचं उत्तर द्यावं लागंल.

"आवो," मी म्हटलं. "कॉक बंद नव्हता."

हे वळले नाय.

"मी उघडला व्हता. चतुराबाईशी बोलताना. सवयीनं. तुम्ही विचारलं तवा बी उघडाच व्हता, मला ठाऊक नव्हतं. मग दुसऱ्यांदा गोळी पडली तवा मला दिसलं अन् मी गपचूप जाऊन बंद केला. म्हणून बद्रीनाथचा लागला. तुमचं पुसणं कच्चं नव्हतं. माझ्यामुळं झालं सगळं."

बद्रीनाथ माझ्याकडं बघत व्हता, मग ह्यांच्याकडं, मग जमिनीकडं.

हे वळले तवा त्यांच्या डोळ्यांत असा राग व्हता की मी दोन पावलं मागं सरले. लग्नाला चाळीस वर्सं झाली, ह्यांनी माझ्यावर हात उचलला नाय, पण त्या घडीला मला वाटलं, उचलतात.

"दोनदा," हे म्हणले. "दोनदा मी सोताला मेलेला समजलो."

मी रडायला लागले. दुसरं काय करणार व्हते?

हे उठले. स्वयंपाकघरात आले. पाटावर बसले, बसताना धापकन बसले.

"बद्री, लॅम्प दे."

"वस्ताद, जोड पक्का झालाय की."

"तुझा झालाय. दे हिकडं."

ह्यांनी लॅम्प पेटवला अन् बद्रीनाथचा तो चांदीसारखा जोड तापवून तापवून सोडवला. एल्बो सांडशीनं उपसून काढला. त्याच वेळी बाहेर चतुराबाईची मोटर घुर्रकन सुरू झाली. मागनं दुसऱ्या घरची, तिसऱ्या घरची.

"द्वारकाबाई!" ती कुंपणावरनं ओरडली. "पाणी आलं! झोपलात काय?"

नऊ दिवसांचं पाणी. घरात हातभर ड्रम. अन् पाऊण तासात पाणी जातंय, हे गल्लीतल्या लहान लेकराला बी ठाऊक. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पाइप घासत व्हते. उजव्या हातानं पाइप धरलेला, हात थडथडत व्हता, डावा पॉलिश पेपर फिरवत व्हता. हळू. पहिल्यासारखंच हळू. घाईनं एकदाच फडकं सारायचं, ते ह्यांच्या रक्तात नाय.

बद्रीनाथ हळूच म्हणाला, "काकू, तोवर कॉक उघडून त्या उघड्या पाइपाखाली बादली..."

"कॉकला कोणी हात लावला तर बघा!" मी म्हटलं. मग मीच फाटकापाशी गेले अन् फरशीवर उभी ऱ्हायले. खड्ड्यावर, दोन्ही पायांनी. मला माझ्या हाताचा भरोसा नव्हता.

गल्लीभर मोटरींचा आवाज. कुणाची टाकी भरून ओसंडायला लागली, पाणी नालीतनं माझ्या पायाजवळनं वाहत गेलं. चतुराबाई कुंपणावरनं बघत व्हती. "आवो, भरा की! काय झालं काय?" मी म्हटलं, "आमचं काम चालू हाय." "कसलं काम? पाणी जाईल!" "जाऊ द्या," मी म्हटलं. ती कपाळाला हात लावून आत गेली.

आतनं घासण्याचा आवाज यायचा थांबला. मग काहीच नाय. मला कळंना, पुसतायत का तापवतायत का पुन्हा हात धरून बसलेत. जावं अन् बघावं असं वाटायचं, पण फरशीवरनं उतरायची हिंमत व्हईना. एका घरची मोटर बंद झाली. मग दुसरी. पाण्याचा जोर उतरायला लागला की अशा एक एक करून बंद व्हतात. मी तिथं उभी ऱ्हाऊन खंडोबाला म्हटलं, पाणी नको देवा, नुसता तो जोड लागू दे.

मग आतनं ह्यांचा आवाज आला. मोठ्यानं. चार महिन्यांत एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते.

"उघड!"

मी फरशी ढकलली. कॉक फिरवला, पूर्ण. पाइपातनं हवा गेली, मग पाणी. मी पळत आत आले. एल्बोच्या खाली ह्यांनी कोरडा पेपर धरला व्हता. बद्रीनाथ गुडघ्यावर बसून वरनं बघत व्हता. जोड दिसायला वाईट व्हता, एका बाजूनं कथील लोंबलेलं, ह्यांच्या हातचा असा जोड मी कधी बघितला नव्हता. नळातनं पाणी पडत व्हतं, बारीक. आम्ही तिघं पेपरकडं बघत ऱ्हायलो.

पेपर कोरडाच ऱ्हायला. ह्यांनी बोट फिरवलं जोडाखाली, एकदा, दोनदा. बोट बी कोरडं.

कुणी टाळी वाजवली नाय की काय नाय. बद्रीनाथनं ह्यांच्या पायाला हात लावला, चपला घातल्या अन् गेला. मोकळ्या हातानं गेला.

नळ पाच-सात मिनिटं चालला, मग खसखस करून थांबला. चार कळश्या भरल्या असतील. पुढचे नऊ दिवस ते पाणी कसं पुरवायचं, हे मला तवा सुचत नव्हतं. मी त्यातली एक कळशी घेतली, मोरीत ह्यांच्या समोर बसले अन् त्यांचे हात धुतले. काजळी, पेस्ट, तांब्याचा कीस, सगळं साबण लावून चोळून काढलं. उजवा हात माझ्या हातात थरथरत व्हता.

"थरथरू द्या," मी म्हटलं.

हे अजून माझ्यावर रागावलेलेच व्हते. तोंड दुसरीकडं केलेलं. पण हात काढून घेतला नाय.

"पाणी जपून वत," हे म्हणले. "नऊ दिवस काढायचेत."